त्यांना गाळू नका

भाऊजी,

कावळा लगेच शिवला. रामकुंडावर आमच्या आधीची दोन-तीन घरं ताटकळून बसली होती. कुणी हात जोडून शपथा घेत होतं, कुणाचे गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते, आणि तुमचा पिंड ठेवायचा अवकाश, एक कावळा आला आणि घेऊन गेला. गुरुजी समाधानाने म्हणाले, "काही इच्छा राहिली नव्हती हो." तुमचे दादा रुमालात तोंड घालून रडले. मी मात्र मनात म्हटलं, कावळ्याला काय माहीत. या माणसाची माझ्याशी निदान दोन भांडणं अर्धवट आहेत.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. काल तुमच्या मोबाइलवर फोन आला. त्याचंच सांगायचंय, पण आधी मागचं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही. तुम्ही म्हणाल, वहिनी, मुद्द्यावर या. इतक्या वर्षांत मी कधी सरळ मुद्द्यावर आले आहे?

आपल्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. बारशाला, साखरपुड्याला, कुणाच्या तेराव्याला सुद्धा, जेवणं झाली की पोरं म्हणतात, काकू, ती पेठच्या घाटातली गोष्ट सांग. मग मी सांगते. काका मलेरियाच्या रोग्याला शोधायला निघालेले, सावळघाटात जीप बंद पडलेली, आणि समोर बिबट्या. तुम्ही कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले असायचात. मान वर न करता म्हणायचात, "जीप पंक्चर झाली होती. आणि ते कुत्रं होतं." पोरं हसायची, मी चिडायची, आणि गोष्ट पुढे जायची. माझ्या गोष्टीतला बिबट्या काढून टाकणारा माणूस गेला, भाऊजी. आता मी काहीही सांगू शकते. आणि गंमत बघा, सांगावंसंच वाटत नाही.

तुम्ही लग्न केलं नाहीत. सासूबाई म्हणायच्या, याने मलेरियाशी लावलंय. वरच्या मजल्यावर राहायचं, खाली येऊन जेवायचं, आणि पानावर बसल्यावर डासांविषयी बोलायचं. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर तुमचं ते मोठं काम चालू होतं तेव्हा तर घरात दुसरा विषयच नव्हता. मलेरियाच्या औषधाच्या दोन जोड्या. एक आर्टेसुनेट आणि सल्फाची, दुसरी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनची. यातली आपल्या डोंगरातल्या लोकांना कुठली जास्त लागू पडते ते बघायचं. ते दुसरं नाव मी आज पहिल्यांदा न अडखळता लिहिलंय. तुम्ही असतात तर मी बक्षीस मागितलं असतं.

मी विचारलं होतं, "जोडी कशाला? एक चांगलं जालीम औषध द्यावं आणि मोकळं व्हावं."

तुम्ही पोळीचा तुकडा हातात धरून समजावलंत. एकच औषध दिलं की जंतू त्याला सरावतात. म्हणून दोन द्यायची. त्यातलं एक जोरात तुटून पडतं आणि लवकर अंगातून निघून जातं. दुसरं सावकाश काम करतं, पण मागे राहतं आणि उरल्यासुरल्यांचा समाचार घेतं.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्याकडे सासूबाई आणि आत्याबाई."

सासूबाई एकदम अंगावर यायच्या आणि पाच मिनिटांत देवपूजेला बसायच्या. आत्याबाई चार दिवसांसाठी म्हणून यायच्या, महिना महिना राहायच्या, आणि रोज एकेक गोष्ट शांतपणे काढायच्या. या दोघींच्या तडाख्यातून कुठली सून वाचेल? तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. पुढे आशाताईंच्या प्रशिक्षणात तुम्ही हाच दाखला द्यायला लागलात, हे मला एका आशाताईकडूनच कळलं. माझं नाव न सांगता. ते मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

आता पहिलं भांडण.

कुणाला कुठली जोडी द्यायची ते तुम्ही ठरवत नव्हतात. ते चिठ्ठीवर होतं. चिठ्ठ्या दुसरीकडे तयार व्हायच्या आणि बंद पाकिटातून यायच्या. ताप आलेला माणूस तपासायचा, रक्तात मलेरिया दिसला की घरच्यांना सगळं सांगायचं, ते हो म्हणाले की त्यांच्यासमोर पाकीट फोडायचं. जे निघेल ते औषध.

मला हे पटलंच नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्ही डॉक्टर ना? एवढं शिकलात, आणि लेकराला औषध द्यायचं तर सोडत काढता?"

"दोन्ही औषधं चांगली आहेत, वहिनी. जास्त चांगलं कुठलं ते मला माहीत नाही."

"अंदाज तर असेल!"

"अंदाज आहे ना. म्हणूनच चिठ्ठी. मी ठरवायला लागलो तर जे पोरगं मला आवडलं, जे जास्त आजारी दिसलं, त्याला मी माझ्या अंदाजाचं औषध देईन. मग शेवटी औषध जिंकलं की माझा अंदाज, ते कुणालाच कळणार नाही."

उत्तर बिनतोड होतं. बिनतोड उत्तरं मला आवडत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं.

औषध दिलं की काम संपत नव्हतं, तिथून सुरू व्हायचं. पुढे महिनाभर ठरल्या दिवशी त्या माणसाला गाठून बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. ताप गेला म्हणजे जंतू गेले असं नाही, परत डोकं वर काढतात का ते बघायचं. आणि दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की अर्धा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरायचा. घरांना कडी लावलेली. मग तुम्ही मळ्यामळ्यांतून विचारत हिंडायचात. पेठकडची माणसं कुठं आलीत? अमक्याची बायको, तमक्याची पोर?

एकदा मी पण आले. समाजसेवेसाठी नाही. दिंडोरीकडे जाताय म्हणजे द्राक्षं मिळतील, या हिशोबाने दोन पिशव्या घेऊन जीपमध्ये बसले. नाशकात जन्म गेलेल्या बाईला कळायला नको होतं? वेलींवर मणी अजून ज्वारीएवढे होते. तुम्ही त्या रिकाम्या पिशव्यांकडे बघितलंत आणि काही बोलला नाहीत. तेव्हा नाही बोललात. नंतर दर संक्रांतीला बोललात.

त्या मळ्यावर आपल्याला हिराबाई सापडली. पाठीशी पोर बांधून घड विरळायचं काम करत होती. तिची थोरली मंजुळा, सात-आठ वर्षांची, तुमच्या त्या दुसऱ्या जोडीच्या औषधावरची. पोरगी शेडमध्ये गोधडीत गुंडाळून पडली होती.

"परवापास्न परत हिव भरलंय, डाक्टर," हिराबाई म्हणाली. "तुमच्या गोळ्यांनी गेला व्हता ना ताप. पुन्हा आला."

तुम्ही पोरीचं बोट टोचलंत, थेंब काचेवर घेतलात, एक टीपकागदावर घेतलात. जुनेच जंतू उरले की नवा डास चावला ते त्यावरून तपासता येतं म्हणे. मग विचारलंत, "गोळ्या सगळ्या दिल्या होत्या?"

"एक बी चुकवली नाय."

"सकाळची आमच्यासमोर घ्यायची. संध्याकाळची घरी. कशाबरोबर दिली?"

"पेज."

"मी शेंगदाणे सांगितले होते. नाहीतर तेल घातलेलं काहीतरी. त्याशिवाय ती गोळी अंगी लागत नाही."

हिराबाई तुमच्याकडे अशी बघायला लागली, जणू तुम्ही पोरीला विहिरीत ढकलायला सांगत होता. "आवं, तापात त्याल? तापात कोन देतं लेकराला त्याल?" आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमी सांगा. तुमी देता का तापात त्याल-तूप?"

काय सांगणार? आपल्या घरात ताप आला की तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते. मऊ भात, मेतकूट, फार तर लिंबाची फोड. सासूबाईंनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. मी म्हटलं, "नाही बाई, नाही देत."

भाऊजी, तुम्ही त्या वेळी माझ्याकडे जे बघितलंत, तसं कुठल्या डासाकडेही बघितलं नसेल.

पोरीला तुम्ही तिथेच दुसरं औषध सुरू केलंत. यावेळी गोळ्या संपेपर्यंत रोज कुणीतरी मळ्यावर जाऊन बसलं, आणि ती बरी झाली. पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तुमची समजूत काढायला गेले.

"हिला गाळा ना मोजणीतून."

"का?"

"औषधाचा काय दोष? बिचाऱ्याला तेलच मिळालं नाही. पोराला उपाशी परीक्षेला बसवायचं आणि नापास झालं की ढ म्हणायचं, हा कुठला न्याय?"

तुम्ही गाडी हळू केलीत. "वहिनी, हे औषध जाणार कुठे आहे? अशाच घरात ना? जिथे तापात तुमच्यासारख्या शहाण्या बायका तूप बंद करतात. तिथे ते चालत नसेल तर मला ते कळायलाच हवं. हिला गाळलं तर माझे आकडे छान दिसतील, आणि पुढच्या पाड्यावर दुसरी मंजुळा पडेल. नाही. ज्या गटात आली त्या गटात मोजायची. गोळी लागली नाही, तर लागली नाही."

आणि मग म्हणालात, "शिवाय ती सापडली हे काय कमी आहे? न सापडलेलं माणूस सगळ्यात वाईट. मेलेलं माणूस निदान उत्तर तरी देतं, औषध चाललं नाही म्हणून."

मी "काहीतरीच अभद्र बोलू नका" म्हणून ओरडले. आणि त्या रागात, मनात नसताना, ते विचारून बसले. "घरचं माणूस असतं तर काढली असतीत चिठ्ठी?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. म्हसरूळ येईपर्यंत नाही, घरी आल्यावर नाही. मी जिंकले असं मला वाटलं. चार ठिकाणी सांगितलंही.

तुमच्या त्या कामाचा निकाल लागला तेव्हा मी पेढे आणायला पिशवी घेऊनच उभी होते. कोण जिंकलं? तुम्ही म्हणालात, दोन्ही साधारण सारखीच. एवढे घाट, एवढी पंक्चरं, माझ्या दोन रिकाम्या पिशव्या, आणि सारखीच? तुम्ही मात्र खूश होतात. "माहीत नव्हतं, आता माहीत झालं," म्हणालात. फक्त त्यानंतर तुमच्या जीपमध्ये कायम भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा असायचा. पुढ्यात बसून पोरांना खायला लावायचात आणि मग गोळी. डबा मी भरून द्यायची. तेवढा एक माझा वैद्यकशास्त्राला हातभार.

मग तुमचं पोट दुखायला लागलं.

हे मला सांगता येत नाही नीट. इथे बिबट्या घालायला जागाच नाही. गाठ निघाली, पसरलेली निघाली. त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की औषधांच्या दोन जोड्या आहेत, एक जुनी, एक नवी, दोन्ही वापरात आहेत. कुठली जास्त चालते ते ठाऊक नाही, त्याचंच काम सुरू आहे, तुमची तयारी असेल तर. आणि तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं. मरणाची बातमी ऐकून हसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. बाहेर येऊन म्हणालात, "चांगला आहे हो डॉक्टर. माहीत नाही म्हणाला."

त्या रात्री, नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, बघा, तुम्ही नसलात तरी मी दुरुस्त करते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मी आणि तुमचे दादा दोघं तुमच्यासमोर बसलो. मी हात जोडले. म्हटलं, "तुमच्या एवढ्या ओळखी आहेत. एक फोन करा आणि नवी जोडी मागून घ्या. चिठ्ठी नको."

तुम्ही कप खाली ठेवलात. "वहिनी, द्राक्षाच्या मळ्यावरून येताना तुम्ही मला एक विचारलं होतंत. आठवतं?"

मी नाही म्हटलं. आठवत होतं.

"घरचं माणूस असतं तर," तुम्ही म्हणालात. "आता आहे."

एवढंच. एका प्रश्नाचं उत्तर द्यायला इतकी वर्षं घेतलीत, आणि असं दिलंत. मी कधी कुणाला प्रश्न विचारू नये असं वाटायला लावणारं.

चिठ्ठीत जुनी जोडी निघाली. तुमचे दादा त्यानंतर कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाहीत. औषधाला सोबत यायचे, गाडी चालवायचे, सलाईन संपेपर्यंत बाकावर बसायचे, पण बोलायचे नाहीत. तुम्हीच त्यांना पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचात. मी घरी मऊ भात करायची. एकदा तुम्ही ताट पुढे ओढलंत आणि म्हणालात, "वहिनी, आता तरी तूप घाला." मी घातलं. चांगलं दोन चमचे. तुम्ही दोन घास खाल्लेत, छान झालाय म्हणालात, आणि थोड्या वेळाने सगळं उलटून पडलं. आपलं ते दुसरं भांडण, तापातल्या तुपाचं, तिथेच अर्धवट राहिलं. मला ते तसं जिंकायचं नव्हतं हो.

मग घरी घ्यायच्या गोळ्याही पोटात ठरेनात. मी चमच्यात विरघळवून बघितल्या, केळ्यात घालून बघितल्या. एक दिवस तुम्ही माझा हात बाजूला सारलात आणि म्हणालात, "राहू द्या." मी राहू दिल्या. हॉस्पिटलात जाण्याचं त्राणही उरलं नव्हतं. उरलेल्या पट्ट्या फ्रीजवरच्या डब्यात आहेत. डबा शेंगदाण्यांचाच आहे.

तुम्ही गेल्यावर तुमच्या मोबाइलवर हॉस्पिटलातून फोन यायला लागले. मोबाइल हॉलमधल्या शोकेसवर. वाजला की दादा नाव बघायचे, म्हणायचे, "चिठ्ठीवाले," आणि कट करायचे. मीही काही म्हणत नव्हते. त्यांचा राग मला कळत होता. माझ्याही मनात दिवसातून दहादा येतंच, भाऊजी. कांदा चिरताना येतं, कपडे वाळत घालताना येतं. दुसरी जोडी निघाली असती तर? आत्ता वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली असती का? आणि तुमचा आवाज येतो, "माहीत नाही, वहिनी." दुसरं काही येतच नाही. थोडं खोटं बोलला असतात कधीतरी, तर आज उपयोगी पडलं असतं.

काल दुपारी परत वाजला. दादा सोफ्यावर होते, उठेपर्यंत थोडा वेळ गेला. मी पोळ्या करत होते. आणि मला एकदम मळ्यातले तुम्ही दिसलात. भर उन्हात एकेका शेडमध्ये वाकून विचारणारे. पेठकडची माणसं कुठं आलीत हो? म्हटलं, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना शोधत हिंडला, आणि आता कुणीतरी त्याला शोधतंय, आणि आपण कडी लावून बसलोय. पिठाच्या हातानेच मी फोन घेतला.

मुलीचा आवाज होता. "सर बोलतायत का? कधीपासून फोन करतेय, उचलतच नाहीत. बरे आहेत ना सर?"

"सर गेले, बाळ," मी म्हटलं.

ती म्हणाली, "काकू, मला सर नेहमी विचारायचे, डबा खाल्लास का." मग नाक ओढून, घसा साफ करून, तिने तिचं काम केलं. तारीख विचारली, मी सांगितली. मग चाचरत म्हणाली, "आणखी एक विचारायचं होतं. घरच्या गोळ्या... शेवटपर्यंत चालू होत्या का?"

दादा समोर येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं. हाताने फोन झाकून मला म्हणाले, "अगं, हो म्हण. जन्मभर लोकांना सांगत आला, डोस पुरा करा, डोस पुरा करा. त्याच्या नावापुढे हे नको."

किती सोपं होतं. खोटं सांगायचा मला केवढा सराव! मी तर एका पंक्चरचा बिबट्या केलेला. आणि दादांचा चेहरा असा झाला होता की त्यांच्यासाठी मी वाघसुद्धा आणला असता.

मी त्यांचा हात बाजूला केला.

"नाही," मी फोनवर म्हटलं. "शेवटी शेवटी नाही घेतल्या. उलट्या होत होत्या. पट्ट्या शिल्लक आहेत. पण हे बघ बाळ, म्हणून त्यांना गाळू नका."

"नाही हो काकू," ती म्हणाली. "आम्ही गाळत नाही कुणाला. ज्या गटात होते त्याच गटात मोजतो."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."

तिने आभार मानले. म्हणाली, सरांच्या माहितीचं सगळं पूर्ण झालं. आता या नंबरवर फोन येणार नाही.

दादा तसेच उभे. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला. तव्यावरची पोळी जळत होती, तिचा वास घरभर झाला होता.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"मोजलं म्हणाली."

"आणि परत कधी करणार फोन?"

"परत नाही येणार."

"अजिबात नाही?" इतके दिवस कट करणारा माणूस, भाऊजी. त्यांचा आवाज असा पडला.

मी तव्याखालचा गॅस बंद केला. फोनला पीठ लागलं होतं, ते पदराने पुसलं आणि तो चार्जिंगला लावला. दादा बघत होते. कशाला लावतेस, असं त्यांनी विचारलं नाही.